बनुबाईंच्या भिंतीवरची हळद

पुंजाराम पेंटरची सुकन्या लहानपणापासून बापाच्या हाताखाली ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या फळ्यांवर अक्षरं भरायची. पुढं फ्लेक्स आले, बापाचं काम बसलं. पोरीचा ब्रश मात्र सुटला नाही. नगरला चित्रकला शिकून ती श्रीरामपूरजवळच्या आपल्या गावी परतली आणि भिंती रंगवू लागली. शाळेच्या, दवाखान्याच्या. मुली शिकवा, पाणी जपा. लोक बघायचे, छान म्हणायचे आणि पुढं निघून जायचे. चित्र कुणाला टोचत नव्हतं, हेच तिला टोचायचं.

मग बचत गटाच्या बायांनी पिठाच्या गिरणीची भिंत मिळवून दिली. चित्र कशाचं काढायचं ते ठरवायला सगळ्या गिरणीतच जमल्या. सुकन्यानं विचारलं, "गावात कुठं उभं राहायची चोरी वाटते तुम्हाला?"

बाया हसण्यावारी न्यायला लागल्या. गिरणीवाल्या बनुबाई मात्र पिठाचे हात झटकत म्हणाल्या, "माझ्या रेश्माच्या हळदीला मी दाराआड उभी हुते. लेक माझी, पन हळद लावली जावांनी."

नवरा गेल्यावर गिरणी त्यांनीच चालवली होती, लेकही त्यांनीच वाढवली होती.

सुकन्याच्या डोक्यातून ते दार जाईना. तिनं भिंतभर मांडव काढला. मधोमध नवरी आणि तिच्या गालाला हळद लावणारी एक बाई. बरेच दिवस तिथं नुसत्या रेघा होत्या. एका सकाळी त्यांत बनुबाईंचा चेहरा उमटला, कपाळावर ठसठशीत कुंकवासकट.

तासाभरात बनुबाईंचे दीर सहादू चौघांना घेऊन आले. एकाच्या हातात चुन्याची बादली.

"खाली उतर," सहादू म्हणाले. "आमच्या घरची बाई भिंतीवर मांडतीस व्हय? तुमच्यात हे न्हाई. आमच्या रीतीत तुमी कशाला पडता?"

'तुमच्यात' म्हणजे काय, ते सुकन्याला बरोबर कळलं. बौद्धवाड्यातून गावात येताना हा शब्द तिनं पुष्कळ तोंडांतून ऐकला होता. तिनं परांचीचा बांबू घट्ट धरला. उतरावं, तर चुना पडणार. न उतरावं, तर हे परांची ओढणार.

गिरणी एकदम थांबली. बनुबाई बाहेर आल्या, भिंतीकडं बघितलं आणि पांढऱ्याफटक पडल्या.

"सुकन्या, मला इचारलंस का गं?"

बादलीपेक्षा सुकन्याला याचीच भीती वाटली. "नाही, मावशी. चुकलं माझं. तुम्ही म्हणाल तर आत्ता पुसते. पण तुम्ही म्हणाल तरच."

"वैनी, सांगा तिला," सहादू म्हणाले.

दळणाचे डबे घेऊन आलेल्या बाया जागच्या जागी थांबल्या. बादलीवाला भिंतीकडं सरकला.

"थांब रं!" बनुबाई म्हणाल्या. "भिंत माझी हाय, तोंडबी माझं हाय. भावजी, चुना माघारी न्या."

"लोकं काय म्हनतील?"

"ही काय, लोकं उभी हायत. इचारा."

बचत गटातल्या कलाबाईंनी डबा खाली ठेवला आणि परांचीला हात लावून उभ्या राहिल्या. मग आणखी दोघी.

"माझ्या दारात पाऊल टाकू नका," एवढं बोलून सहादू फिरले.

बनुबाई चित्राजवळ गेल्या. "केस पांढरे कर," त्या म्हणाल्या. "इतकी तरनी कुटं राहिले मी?"

हिवाळ्यात सहादूंच्या मोनिकाचं लग्न निघालं. बनुबाईंना बोलावणं नव्हतं. चुलतीला मोनिका मोठी आई म्हणायची; ती पाटावर बसली आणि अडून राहिली, "मोठी आई आल्याबिगर हळद लावून घेनार न्हाई." शेवटी कलाबाई जाऊन बनुबाईंना घेऊन आल्या. बनुबाईंनी तिच्या गालाला हळद लावली. सहादू मांडवाबाहेर जाऊन उभे राहिले, पण अडवलं नाही.

सुकन्याला आता लांबून बोलावणी येतात. चेहरा काढण्याआधी ती त्या माणसापुढं जाऊन बसते. काही जण नाही म्हणतात. राजूरच्या एका बाईनं अजून होकार दिलेला नाही. तिथल्या भिंतीवर तिच्या चेहऱ्याची जागा तेवढी कोरी ठेवून सुकन्या दुसऱ्या टोकाला रंग भरतेय.