कुरड्यांची बाज घेऊन अकोल्याला

बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि माझ्या पायाला भिंगरीच लागली. तशी ती जन्मापासूनच आहे म्हणा. माझा जन्म मूर्तिजापूरहून अमरावतीला येणाऱ्या चालत्या अँब्युलन्समध्ये झाला. त्यामुळे मी सलग दोन दिवस घरात दिसले की आई कपाळाला हात लावून बघते, "काऊन वं, बरं नाही काय?"

एप्रिलमध्ये शहाण्या माणसाने अकोल्याचं नाव काढू नये. पण एका ग्रुपवर फोटो आला : गोल नाकाची, सायीच्या रंगाची जुनी अँब्युलन्स. खाली मजकूर, 'अकोल्यात दुरुस्ती सुरू आहे, त्या काळातलं सामान कोणाकडे असल्यास कळवा.' माझ्याकडे सामान काही नव्हतं. तरी सकाळी डब्यात पोळी-ठेचा भरून मी अमरावतीच्या स्टँडवर हजर.

जाणाऱ्यांसाठी सांगते. पहिल्या गाडीने निघा आणि डावीकडची खिडकी घेऊ नका, ऊन मांडीवर येऊन बसतं. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव करत अडीच-तीन तासांत अकोला. रस्ता आता झकास आहे. उतरल्यावर आधी आलुबोंडा आणि तर्री खा. डोळ्यांतून पाणी आलं तर ताक मागा, लाजू नका.

गॅरेज गावाबाहेर, टिनाच्या शेडमध्ये. मालक नईमभाई माझ्याच वयाचा. भंगारात निघालेली ही गाडी त्याने वडिलांसाठी घेतली होती. वडील म्हणजे करीमचाचा, अमरावतीच्या एका धर्मादाय दवाखान्यात हीच गाडी चालवायचे. चाचा बाजूला कूलरसमोर खुर्चीत बसले होते. पांढरी टोपी, पायात चपला नाहीत, आणि नजर सारखी गाडीवर.

आत काय काय होतं म्हणून सांगू! पितळी घंटा, ड्रायव्हरच्या हाताशी तिची दोरी. एनॅमलचं तसराळं, काचेची सलाइनची बाटली, तिची लाल रबरी नळी, निळे पडदे. सगळं त्या काळातलं. नईमभाईने त्यासाठी नागपूरपासून बऱ्हाणपूरपर्यंतचे भंगारवाले पालथे घातले होते. फक्त मधली जागा रिकामी. जमिनीवर दोन लोखंडी पट्ट्या, त्यांत बसणारं स्ट्रेचर नव्हतं.

"नवीन बनवून घ्या ना," मी म्हटलं.

"बनवलं होतं. अब्बा म्हणे काढ ते." नईमभाई वैतागला होता. "इंजिन एक नंबर आहे, पण हे स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवायले तयार नाहीत. डॉक्टर म्हणतात हार्टचं काही खरं नाही, लवकर दाखवा जे दाखवायचं ते. अन् यांचं आपलं एकच, आधी स्ट्रेचर."

चाचा खुर्चीतूनच बोलले. "बिना स्ट्रेचरची अँब्युलन्स म्हणजे भाजीपाल्याची गाडी, बेटी. ते माह्या हातून गेलं. त्याच्यापायी मले गाडीवरून उतरवून गेटवर बसवलं. मंग पुन्हा चाक नाही भेटलं. आता बसीन तं त्याच्यासंगच बसीन."

"कसं होतं दिसायला?"

"सागवानी दांड्या, खाकी कॅनव्हास. एका दांडीले चीर गेली होती, तिले मीच तांब्याची पट्टी मारली होती."

तांब्याची पट्टी! लहानपणी दर दिवाळीला चिंचेने घासून मी ती पट्टी चकचकीत करायचे. आमच्या गच्चीवर, आईच्या कुरड्यांच्या बाजेला. आत्ता, या क्षणीसुद्धा त्या बाजेवर कुरड्या वाळत असणार!

आईला विचारल्याशिवाय तोंड उघडायचं कसं? परतीच्या गाडीत जागा मिळाली तरी बसवेना. दारातल्या दांड्याला धरून उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "ताई, बसा ना, अमरावती काही पळून नाही जात."

आई गच्चीवर कावळे हाकलत होती. तिने सगळं ऐकलं आणि भडकलीच.

"म्या चोरलं नाही! दवाखान्यात एकही खाट खाली नव्हती. मले ताप भरला होता. त्या ड्रायवरभाऊनंच म्हटलं, ताई, याच्यावरच पडून राहा, घरीही असंच न्या, मी येऊन घेऊन जातो. आलाच नाही तो! तुह्या बाबानं जाऊन विचारलं, तं ड्रायवर बदलला म्हणे."

"मग दवाखान्यात देऊन टाकायचं होतं."

"असं कसं? ज्यानं दिलं त्याच्याच हाती देणं लागते. कोणाच्याही हाती देऊन त्याची वस्तू गेली असती तं?"

आमच्याकडचा प्रामाणिकपणा हा असा. परक्याची वस्तू परक्याच्या हाती द्यायची नाही, म्हणून जन्मभर सांभाळायची. आणि रिकामी कशाला ठेवायची, म्हणून तिच्यावर कुरड्या घालायच्या. त्या सांभाळण्यापायी एका माणसाची गाडी गेली, हे आईला माहीतच नव्हतं. "गेटवर बसवलं त्याले?" एवढंच दोनदा म्हणाली. मग ओल्या कुरड्या भराभर लुगड्यावर काढून ब्रश घेऊन कॅनव्हास घासायला लागली.

सकाळी शेजारच्या पोराचा मालाचा टेम्पो ठरवला. तो डिझेलच्या वर काही घेईना, तेव्हा आईने त्याच्या मांडीवर कुरड्यांची पिशवी ठेवली. आई पुढे बसली, मी मागे स्ट्रेचर धरून. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, "मी नेमकी कुठे झाले गं?" आई बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिली. "बाभळी होत्या वं. आता कुठं सांगू?" चौपदरी रस्त्याने बाभळी गिळल्या होत्या. जन्मगाव म्हणून दाखवायला मला एवढीसुद्धा जागा नाही, याचं वाईट वाटलं.

शेडमध्ये आम्ही स्ट्रेचर उतरवलं. चाचा उठून आले, वाकले आणि अंगठा थेट तांब्याच्या पट्टीवर ठेवला. आईला राहवेना.

"भाऊ, तुमी येतो म्हणले अन् आलेच नाही!"

"आलो होतो, ताई."

"कधी?"

"तुमचा ताप उतरला नव्हता तवा. दार उघडं होतं. तुमी त्याच्यावरच झोपल्या होत्या अन् ही," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "तुमच्या कुशीत टकटक पाहून राहिली होती. उचलू कसं? बाळंतिणीले भुईवर टाकू? दारातूनच वापस गेलो. हापिसात म्हटलं, हरवलं. खरं सांगतलं असतं तं त्यायनं त्याच दिवशी उचलून आणलं असतं."

"मंग नंतर तरी..."

"एकडाव हरवलं म्हटलं ना, ताई. नंतर तुमच्या घरी सापडलं म्हणलो असतो तं तुमच्या दारी पोलिस आले असते."

आईने पदर तोंडाला लावला आणि रडली, चांगली मोठ्याने. मलाही रडू आलं, लपवण्यासारखं त्यात काही नाही. नईमभाई उगाचच पुसलेली काच पुन्हा पुसत होता. त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

स्ट्रेचर पट्ट्यांवर सरकवलं. खट् आवाज झाला आणि ते बसलं. चाचांनी चपला मागवल्या, पायात घातल्या, चाकासमोर बसले. "ताई, पडून राहा मागं. पेशंट पायजे ना!" आई डोळे पुसत हसली आणि खरंच आडवी झाली. मी बाजूच्या बाकावर. शेडपासून हायवेच्या फाट्यापर्यंत आणि परत, एवढाच प्रवास. चाचांनी जाता-येता घंटा वाजवली. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं, तरी वाजवली.

आता घरी. जाऊन आल्यावर काय उरलं, हे लिहायची माझी पद्धत आहे. खर्च फार नाही, आलुबोंडा विसरू नका, आणि ऊन टाळा. बाकी मनाला स्वस्थता नाही. ज्या माणसाने मला रस्त्यावरून दवाखान्यापर्यंत आणलं, तो आमच्या उंबऱ्यापर्यंत येऊन वापस गेला, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

आईच्याही जात नाही. काल लुगड्यावरच्या कुरड्या उलटता उलटता म्हणाली, "त्याले जेवाले बोलाव. वांग्याची भाजी अन् रोडगे करतो."

मी फोन लावला. चाचा म्हणाले, "रविवारी येतो."

रविवारी माझं चिखलदऱ्याला जायचं ठरलं होतं, ते रद्द केलंय. सकाळपासून दार उघडं ठेवून मी उंबऱ्यातच बसणार आहे.