लग्नाचे पंखे कोंबड्यांच्या शेडात

माझा थोरला भाऊ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि पलूसजवळच्या आमच्या गावात उतरला त्याच दिवशी मेजर झाला. ही बढती गाव देतं. मी सांगलीला असतो. मे महिन्यात आठवडाभर गावी जातो आणि कोणी विचारलं नाही तरी प्रत्येक गोष्टीवर मत देतो. गेल्या उन्हाळ्यात तर मला शेडात काम मिळालं होतं.

हे शेड दादानं ट्रॅक्टर ठेवायला बांधलं होतं. वरचे पत्रे बसले, दादा सिमेंटवाल्याचा हिशेब मिटवायला आष्ट्याला गेला, आणि परत आला तेव्हा आत ब्रॉयलरची पिल्लं चिवचिवत होती. वहिनींनी एका कंपनीशी बोलून ठेवलं होतं. पिल्लं आणि खाद्य कंपनीचं, सांभाळ आपला, वाढली की त्यांची गाडी येऊन नेणार. दादा शेडाच्या दारात उभा राहिला आणि निकाल दिला, "एक बॅच. मरतूक झाली की कोंबड्या भायेर, ट्रॅक्टर आत."

"आन् न्हाई झाली तर?" वहिनी म्हणाल्या.

"मग बघू."

तेवढ्या दोन शब्दांवर वहिनींनी उन्हाळा काढला. पत्र्यांवर उसाचं पाचट अंथरलं, जाळ्यांना बारदानाचे पडदे लावले, दुपारी खाद्याची भांडी वर टांगून ठेवली, कारण भर उन्हात खाल्लेलं कोंबडीच्या अंगात आगीसारखं पेटतं. पडदे भिजवायचं काम माझ्याकडे. त्यासाठी पाठीवरचा फवारणी पंप होता. त्यात आधी तणनाशक असायचं, म्हणून वहिनींनी तो माझ्याकडून इतक्यांदा धुऊन घेतला की मला पंपाबद्दल आदर वाटू लागला.

सकाळी कंपनीची गाडी येणार होती, आणि आदल्या दिवशी ऊन असं पडलं की कावळासुद्धा विहिरीच्या कठड्यावर चोच उघडून बसला. झाडाचं पान हलेना. शेडात पांढऱ्याशुभ्र, पूर्ण वाढलेल्या कोंबड्या पंख फाकवून धापा टाकत होत्या. पोसलेली कोंबडी अशा दुपारी तासाभरात आडवी होते आणि एक आडवी झाली की शेजारच्या तिचाच कित्ता गिरवतात.

"पंखे पाहिजेत," वहिनी म्हणाल्या.

"आणि पंख्याखाली गालिचा?" दादा म्हणाला. पण तोच उठला, कारण वहिनींकडून हरणं त्याला चाललं असतं, हवामानाकडून नाही. आष्ट्याच्या मंडपवाल्याकडे लग्नातले मोठे स्टँडचे पंखे होते. त्या संध्याकाळी दादाच्या पलटणीतल्या जुन्या सोबत्याच्या मुलीचं लग्न होतं, गोरज मुहूर्ताचं. दुपारभर पंखे मोकळेच पडणार होते. मंडपवाला टेम्पोत घालून घेऊन आला आणि सवयीनं कामाला लागला.

आता सवय म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या माणसालाच कळेल. लग्नात पंखे कधी एका बाजूला लावत नाहीत. अर्धे वरपक्षाकडून, अर्धे वधूपक्षाकडून, तोंडाला तोंड करून. एका बाजूला वारा जास्त गेला की दुसऱ्या बाजूचा कोणीतरी मामा न जेवता उठतो. मंडपवाल्यानं कोंबड्यांचाही मान राखला. अर्धे पंखे पूर्वेला, अर्धे पश्चिमेला, आणि सगळे माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. दादानं लांबून पाहिलं, रांग सरळ आहे म्हणाला.

पंखे सुरू झाले. काय तो आवाज! मला वाटलं शेड आता उडून तासगावला जातं. दोन्ही दारांपाशी गारवा आला, मी डोळे मिटून उभा राहिलो, मंडपवाला उभा राहिला, दादा उभा राहिला. तिघांनाही फार बरं वाटत होतं. कोंबड्या मात्र मधोमध होत्या आणि जास्तच धापा टाकायला लागल्या.

वहिनी देवघरातून पेटती उदबत्ती घेऊन आल्या. मला वाटलं आता प्रार्थनाच. त्या शेडाच्या मध्यावर जाऊन उकिडव्या बसल्या आणि उदबत्ती कोंबड्यांच्या उंचीला धरली. धूर सरळ वर चालला. इकडे नाही, तिकडे नाही.

"आवं, बघा हिकडं," वहिनी म्हणाल्या. "दोन्हीकडनं वारा येतोय आन् हितं येऊन भांडत बसलाय. ह्या काय व्याही हायत व्हय? ह्यांना कशाला समोरासमोर बसवलंय?"

"वहिनी, असंच लावतात पंखे," मंडपवाला म्हणाला.

"पाव्हण्यांना. पाव्हण्यांना घाम येतो. कोंबडीला घाम येत न्हाई, म्हणून तर ती मरती. सगळे पश्चिमंच्या दारात न्या. माना खाली वाकवा. मागं वली बारदानं लावा. आन् तुमी दोघं भाऊ दारातनं बाजूला व्हा, वारा अडवताय."

आम्ही बाजूला झालो. पंखे एका दारात आले, तोंडं खाली झाली, वारा ओल्या बारदानातून ओढला जाऊन दुसऱ्या दारानं बाहेर पडायला लागला. उदबत्तीचा धूर आडवा झाला. थोड्या वेळानं मधल्या रांगेतली एक कोंबडी उठली, अंग झाडलं आणि पाण्याच्या भांड्याकडे चालत गेली. मी टाळी वाजवणार होतो, वहिनींनी बघितलं म्हणून हात खाली घेतले.

चार वाजता मंडपवाला टेम्पो घेऊन परत हजर. ऊन तर अजून डोक्यावर होतं.

"मेजर, पाव्हणं यायला लागलेत. पंखे द्या."

"सूर्य बुडल्यावर न्या," वहिनी म्हणाल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"असं कसं? लग्न हाय वहिनी!"

"लग्नात कोण मरतं का उन्हानं? हितं मरतील. उद्या सकाळी गाडी येणार हाय."

मंडपवाल्यानं दादाकडे पाहिलं. सोबत्याची मुलगी, शब्द दिलेला. दादानं मान खाली घातली, आत गेला आणि पहिल्या पंख्याची पिन काढली. पंखा गरगरत थांबला. समोरच्या कोंबड्यांनी चोची उघडल्या आणि मेजरकडे बघत राहिल्या. दादाही त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पिन परत लावली.

"सहाला न्यायचे," दादा म्हणाला. "कोणी विचारलं तर सांग, मेजरनं ठेवलेत."

"आन् पाव्हणं तापले तर?"

"सरबत दे रं गड्या. ह्यांना सरबत चालत न्हाई."

पंखे मांडवात पोचले ते मंगलाष्टका सुरू असताना. मंडपवाल्यानं घाईत सगळे एकदम चालू केले. त्यांच्या जाळीत दुपारभर जे साठलं होतं ते सगळं एका दमात मोकळं झालं. अक्षतांच्या बरोबरीनं पांढरी पिसं दोन्ही पक्षांवर सारखी पडली. वासही सारखाच पडला. कुठल्याही मामाला तक्रार करायला जागा राहिली नाही.

मुलीचा बाप फेट्यावरचं पीस काढत दादाकडे आला. "मेजर, हे काय?"

"ब्रॉयलर," दादा म्हणाला आणि जोडप्याला आशीर्वाद द्यायला पुढे गेला.

वहिनी लग्नाला आल्याच नाहीत. आम्ही त्यांच्यासाठी बुंदी बांधून घेऊन परतलो तेव्हा त्या शेडात खाद्याची भांडी खाली सोडत होत्या. कोंबड्या खात होत्या, भांडत होत्या, एकमेकींच्या पाठीवरून चालत होत्या. दादानं शेडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चक्कर मारली. कोपऱ्यात मेलेल्या होत्या, पण एका पाटीत मावतील इतक्याच.

मग जाळीला हात लावून त्यानं विचारलं,

"पुढची पिल्लं कवा सांगायची म्हणतीस?"

"सांगितली," वहिनी म्हणाल्या. "दुपारीच फोन केला."

दादानं मान हलवली आणि बुंदीचा पुडा सोडून स्वतःच खायला लागला.