कागदाला दुखत नाही

आमचे हे बूट शिवतात. दुकानात मांडलेले, आकडे छापलेले बूट नव्हेत. ज्यांच्या पायांना ते आकडे चालत नाहीत, त्यांचे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं वळलेली, असली माणसं आमच्या पायऱ्या चढून येतात. सगळे ह्यांना 'मास्तर' म्हणतात. शाळा ह्यांनी अर्ध्यात सोडली होती, पण ते मी कशाला सांगत बसू?

आलेल्या माणसाला हे खुर्चीत बसवतात, आपण बुटक्या स्टुलावर बसतात आणि पाय मांडीवर घेतात. टेप नंतर. आधी डोळे मिटून दोन्ही अंगठ्यांनी तळवा चाचपत राहायचं.

"काय मोजताय, मास्तर?"

"बोटं."

"पाचच आहेत की."

"खात्री केलेली बरी."

माणूस हसतो. पण ह्यांचे ओठ हलत असतात, ते मला दिसतं. त्या माणसासाठी प्रार्थना चाललेली असते. मग लाकूड तासून त्या पायाचा फर्मा करायचा, हाडाच्या उंचवट्यासकट, आणि त्यावर चामडं चढवायचं. कुणी लांबून पाय कागदावर गिरवून पाठवला, तर कागद आल्या पावली परत. "कागदाला दुखत नाही," हे सांगतात. "पाय घेऊन या, नाहीतर मी येतो."

रविवारी उपासनेत पाळक विचारतात, ज्यांना स्वतःला पूर्णपणे प्रभूच्या हाती द्यायचंय त्यांनी उभं राहावं. हे सगळ्यांत आधी उभे. मी म्हणायची, तुमच्या बाकाला स्प्रिंग लावलीय का? हे नुसते हसायचे. आणि खोटं नव्हतं हो ते. कुणाचं भांडण मिटवायचंय, कुणाच्या आजारपणात जाऊन बसायचंय, प्रभूने सांगितलं म्हणाले की निघाले. जेवण गार झालं तरी निघाले.

फक्त एका दाराला कुलूप होतं. दादांच्या, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाच्या, माझ्या भाऊजींच्या.

सासूबाई आमच्याकडेच गेल्या. शेवटी बोलणं बंद झालं होतं, पण दाराकडे बघत राहायच्या. थोरल्याची वाट. हे रोज सांगायचे, "येतोय आई, निघालाय." भाऊजी निघालेच नव्हते. मूठमाती देऊन सगळे घरी परतल्यावर ते फुलं घेऊन दारात उभे राहिले. ह्यांनी फुलं घेतली, आत बोलावलं नाही. मला एवढंच म्हणाले, "त्याच्यापायी मी मरणाऱ्या आईशी खोटं बोललो." त्यानंतर ते नाव घरात निघालं नाही. मीही काढलं नाही, माझाही राग काही कमी नव्हता.

मग एके दिवशी भाऊजींच्या मुलीचा फोन आला. बाबांना साखर झालीय, पावलांतली जाणीव गेलीय, डॉक्टर म्हणतात नेहमीचे बूट घालायचे नाहीत. "काका, बाबा म्हणतात, शिवले तर त्यानेच शिवावेत."

ह्यांनी त्या दिवशी ताट तसंच सारलं. सकाळी प्रार्थना करून आले आणि म्हणाले, "करायचे. प्रभू सांगतोय."

"प्रभूला म्हणावं, सासूबाईंची उशी मी बदलत होते, मलाही विचारायचं एकदा," मी म्हटलं. माझ्या नाकावर राग असतोच.

हे उठले. पुतणीला फोन लावला आणि म्हणाले, "त्याचा पाय कागदावर गिरव आणि पाठव."

माझ्या हातातली कपबशी तशीच राहिली. एवढ्या वर्षांत ह्यांच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. भाऊजींचं घर बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. पण मला वाटलं, जाऊ दे, शिवतायत हेच पुष्कळ झालं.

आणि बूट तर असे शिवले! सगळ्यांत मऊ चामडं काढलं, शिवण आत दडवली, अस्तर दोनदा उसवून पुन्हा लावलं. खोकं पाठवून दिल्यावर रविवारी हे नेहमीसारखे पहिले उभे राहिले. चेहरा कसा शांत. मला बरं वाटलं, हो, का नाही वाटणार.

थोड्याच दिवसांत पुतणीचा पुन्हा फोन. ती रडत होती. करंगळीच्या मागे, तळव्याला, भाऊजींचं एक हाड खाली उतरलेलं. ते कागदावर कुठून उमटणार? नेमकं तिथेच बूट घासत राहिला. दुसरा कुणी ओरडला असता, बूट भिरकावला असता. भाऊजींना दुखतच नव्हतं. "भावाने शिवलेत," म्हणून सकाळी घालायचे ते झोपताना काढायचे. मोजा रक्ताने भिजला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले होते, जखम आणखी आत गेली तर पाय कापावा लागेल.

हे फोन ठेवून स्टुलावर बसले. बराच वेळ हाताच्या अंगठ्यांकडे बघत होते.

"अगं, मी प्रभूला हो म्हटलं," ते म्हणाले, "आणि हातचं राखलं. त्याला बूट नको होते माझ्याकडून. मी जायला हवं होतं."

मला इतकं वाईट वाटलं त्यांचं. मी पिशवी भरली. ह्यांचे कपडे, आणि वर माझेही.

भाऊजी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. किती वाळले होते! बूट समोर फळीवर, पुसून ठेवलेले. पायाला पट्टी. आम्हाला बघून उठायला गेले, पुतणीने खांदा धरून बसवलं.

"पोरीचा हात हलला असेल गिरवताना," ते घाईघाईने म्हणाले. आल्या आल्या हेच. "कागदच चुकला असेल. तुझी शिवण काय सुंदर आहे रे."

ह्यांनी मोरीत जाऊन हात धुतले. स्टूल नव्हतं, मग खाली फरशीवरच बसले आणि तो पाय उचलून मांडीवर घेतला.

"कागद बरोबर होता, दादा. मी आलो नाही."

भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागले.

"मीही आलो नव्हतो," ते म्हणाले. "आईला तशी बघायची भीती वाटली मला. भ्यालो रे."

माझा राग तेव्हाच गेला म्हटलं तर खोटं होईल. पण मी पदर डोळ्यांना लावला, हे खरं.

ह्यांनी डोळे मिटले. अंगठे पट्टीच्या कडेने हळूहळू फिरत होते, टाचेकडून वर. नेहमी नुसते ओठ हलतात, त्या दिवशी आवाज आला. "प्रभू, हा माझ्या भावाचा पाय. माझ्याच हाताने दुखावला. हात तुझे, पायही तुझा. आता काही राखून ठेवत नाही."

भाऊजींनी खाली न बघताच विचारलं, "मला काही कळत नाही रे. हात लावलायस का तू?"

"लावलाय, दादा."

"मग राहू दे तसाच."

करंगळी गेली, पाय राहिला. जखम भरेपर्यंत हे दर आठवड्याला बसने जायचे, आणि जखम भरल्यावर फर्मा तासला, तो भाऊजींच्याच घरी, पाय शेजारी ठेवून. चार-पाचदा तरी बूट चढवून उतरवला, आत बोटं घालून बघितलं.

रविवारी आता हे सगळ्यांत शेवटी उभे राहतात. परवा मी विचारलं, "स्प्रिंग गंजली वाटतं?"

"आधी विचारून घेतो," हे म्हणाले, "आज कुणाकडे जायचंय ते."

मग मला सांगितलं कुणाकडे, आणि मी पिशवी भरायला उठले.