साहेबाच्या गावची लपलेली चर्चं

आखाती युद्ध संपलं आणि त्याच वर्षी कंपनीने मला ट्रेनिंगसाठी युरोपातल्या एका जुन्या शहरात पाठवलं. सौदीत धाहरानला मी नोकरी करायचो, तिथला आमचा मॅनेजर त्याच शहराचा. तो सुट्टीवर घरी आलेला होता. मी नगरकडचा मराठी ख्रिस्ती, म्हणून मोठ्या हौसेने त्याने मला तिथली लपलेली चर्चं दाखवायला नेलं.

बाहेरून पाहावं तर व्यापाऱ्याचं घर. अरुंद जिना चढून गेलं की माळ्यावर बाकं, वेदी, ऑर्गन. कधीकाळी तिथे कॅथलिकांना उघड उपासनेची बंदी होती, तेव्हा लोक असे घराघरांत जमायचे. एक पाहून झालं की दुसरं. दर जिन्यावर साहेब आपल्या पूर्वजांच्या धैर्याचे गोडवे गात होता, जणू ते सगळं यानेच सोसलं होतं.

मला त्याचा धाहरानचा बंगला आठवत होता. सौदीत आमचीही उपासना चोरूनच चालायची. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, त्याच्या दिवाणखान्यात, पडदे ओढून, एसीच्या घरघरीत दबल्या आवाजात गाणी. बायको समोसे तळून न्यायची, ते साहेबाला फार आवडत. मग युद्ध आलं, भोंगे वाजू लागले, क्षेपणास्त्रं पडू लागली. माणसाला देव लागतो तो अशाच वेळी. नेमकं तेव्हाच साहेबाने आम्हा दोघांना दारात थांबवलं. गर्दी दिसली तर संशय येईल, म्हणाला. तूर्त फक्त आमचीच माणसं. आत गोरी मंडळी गात होती, ते बाहेर ऐकू येत होतं.

परतताना गाडीत बायको एवढंच बोलली, "मग आपण कुणाची माणसं?"

पुढचे शुक्रवार आम्ही शेजारच्या मल्याळी नर्सला आणि तिच्या नवऱ्याला घेऊन स्वयंपाकघरातच प्रार्थना केली, गॅस मास्क मांडीवर ठेवून.

शेवटच्या माळ्यावर साहेबाचे डोळे पाणावले. "इथे दार कुणालाच बंद नव्हतं," तो म्हणाला.

"तुमच्या घराचं होतं," मी म्हणालो.

तो लाल झाला. युद्धाचे दिवस वेगळे होते, असं काहीतरी पुटपुटला आणि वेदीवरचं कोरीवकाम दाखवू लागला. मेलेल्या पूर्वजांचं धैर्य मिरवायला काय लागतं?

धाहरानला परतल्यावर त्याने निरोप पाठवला, शुक्रवारपासून या. आम्ही गेलो नाही. बायकोने कळवलं, आमची जागा लहान आहे, पण तुम्हीच इकडे या.

तो काही आला नाही.