खडकाखालचा चिखल

खाडीच्या काळ्या चिखलाचा वास आला, की मला घोडबंदर रोडवरची ती दुपार आठवते. पुलाच्या खांबासाठी खाली पक्का खडक किती खोल आहे ते बघायला बोअर घेणं चालू होतं आणि मी साइटवर नवीनच लागलेलो. मशीन थरथरलं, ऑपरेटर ओरडला, "साहेब, खडक लागला!" वर आलेला दगड काळाभोर, टणक, मी रजिस्टरमध्ये 'खडक' लिहूनही टाकलं. मग आमच्या भूगर्भतज्ज्ञ मॅडम आल्या. त्यांनी दगड धुतला, हातोडीने वाजवून बघितला आणि बघ्यांमधल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "काका, इथे आधी काय होतं?" मिठागरात जन्म काढलेला तो माणूस म्हणाला, "खाडी व्हती, बाय." "अजून तीन मीटर जा," मॅडम म्हणाल्या. ऑपरेटर वैतागला, मीही. पण दोन मीटरवर दगड संपला आणि खालून मऊ चिखल वर आला. तो खडक नव्हता, चिखलात रुतलेला मोठा धोंडा होता, आणि आम्ही त्याच्यावर खांब उभा करायला निघालेलो! मी घाईघाईने रजिस्टरमधला शब्द गिरगटायला लागलो, तर मॅडमनी हात धरला. "अरे, एकच रेघ मार. चूक वाचता आली पाहिजे." आता खऱ्या खडकापर्यंत नेलेल्या त्या खांबाखाली ट्रॅफिकमध्ये अडकलो, की लोक हॉर्न वाजवतात, मला ती रेघ दिसते.