मामा कधी मागत नसत

"निरोप हाय."

दारात आल्यावर मामा एवढंच म्हणायचे. सायकल भिंतीला टेकवायची, कॅरिअरवरच्या दुरडीचं फडकं सारखं करायचं आणि उंबऱ्यापासून थोडं लांब उभं राहून हे दोन शब्द. आतून घरची बाई पदराला हात पुसत यायची.

"काय म्हणायलेत आज?"

"कालचं कोरड्यास आंबट झालं म्हन्ले. चिंच कमी घाला. अन् भाकरी जाड थापायलाव तुमी, मधी कच्ची राहायली."

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लाजेने मान खाली घातली. ती बाई रोज फुकट भाकरी देत होती. तिचे आभार मानायचे सोडून हा माणूस तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होता. आता दार तोंडावर आपटणार, असं मला वाटलं. बाई म्हणाली, "काल पाव्हणे होते हो, घाई झाली." आणि आत जाऊन रोजच्यापेक्षा जास्त भाकरी घेऊन आली.

मामा परभणीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होते. दवाखान्यातल्या वॉर्डबॉयला सगळेच मामा म्हणतात, पण आमच्या गल्ल्यांमध्ये नुसतं 'मामा' म्हटलं की हेच. दवाखान्यात पेशंटला जेवण मिळायचं. पेशंटबरोबर आलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न कुणाचाच नव्हता. पालम, गंगाखेडकडून एस.टी.ने आलेली माणसं व्हरांड्यात दिवस काढायची. कुणाची सासू, कुणाचा भाऊ. घरून बांधून आणलेल्या भाकरी दोन दिवसांत संपायच्या. दुष्काळाच्या साली तर घरून बांधून आणायलाच काही नव्हतं. त्या वर्षी मामांनी ड्युटीवर जाण्याआधी गल्लीगल्लीतून भाकरी गोळा करायला आणि खाणाऱ्यांचे निरोप दारोदार सांगायला सुरुवात केली. रेशनच्या लाल ज्वारीच्या भाकरी असायच्या त्या, पण असायच्या.

मी तेव्हा एका वकीलसाहेबांकडे कारकून होतो. वकीलसाहेब मनाने चांगले. मामांचं काम त्यांना इतकं आवडलं की त्याची संस्था करायचं त्यांनी ठरवलं. ते अध्यक्ष झाले, मी चिटणीस झालो. मामा काहीच झाले नाहीत. "मला बैठकीला न्हाई जमत, ड्युटी असती," म्हणाले.

वकीलसाहेबांना एका गोष्टीचं नवल वाटायचं. त्यांनी आजवर वाचनालयासाठी, व्यायामशाळेसाठी देणग्या गोळा केल्या होत्या. एकदा दिलेला माणूस पुढच्या वेळी त्यांना लांबून पाहूनच गल्ली बदलायचा. मामांना मात्र तीच घरं रोज देत होती, वर्ष सरलं तरी देत होती. "त्यांची युक्ती काय आहे ती बघून या," असं त्यांनी मला सांगितलं. मी बघायला गेलो आणि पुढची कित्येक वर्षं बघतच राहिलो.

आधी वाटलं, गोड बोलणं असेल. पण गोड बोलणं तर तुम्ही वर ऐकलंच. मग वाटलं, पुण्याचं आमिष दाखवत असतील. तेही नाही. पुण्य हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. मग एका सकाळी मला त्यांची एक सवय दिसली.

दवाखान्यातून सुटी मिळालेला पेशंट आणि त्याचं माणूस यांना मामा एस.टी. स्टँडवर सोडायला जात. पण सरळ जात नसत. वाट वाकडी करून एखाद्या घरासमोर थांबत. "ह्यांनी तुमच्या भाकरी खाल्ल्या. चालले गावाला." एवढं सांगून स्वतः सायकल घेऊन गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहत आणि दुसरीकडेच बघत बसत. इकडे दारातली बाई आणि गावाकडची बाई एकमेकींकडे बघत. मग दारातली विचारायची, "काय झालं होतं तुमच्या माणसाला?" तिथून जे बोलणं सुरू व्हायचं, ते एस.टी. चुकेपर्यंत. मग हुरड्याच्या दिवसांत गंगाखेडकडचा एखादा माणूस पिशवी घेऊन त्या घराचा पत्ता विचारत यायचा. त्या बाईचा नवरा मामांना म्हणायचा, "तुमचे पाव्हणे येऊन गेले." मामा म्हणायचे, "माझे कशाचे? तुमचेच की."

सगळंच असं गोड नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. व्हरांड्यातल्या एका माणसाने भाकरी हातात घेण्याआधी मामांना विचारलं, "तुमी कोन?" मामांनी सांगितलं, "बौद्ध हाय मी. भूक लागली असंल तर खा, नसंल तर पुन्हा येतो." त्याने भाकरी घेतली नाही. संध्याकाळी मात्र घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीला निघताना कोरड्यासाचा डबा धरायला मामांनी नेमकं त्यालाच बरोबर घेतलं. तो मुकाट्याने डबा धरून सगळ्या गल्ल्या फिरला. मी मामांना विचारलं, तुम्हाला राग नाही आला? "आला की," ते म्हणाले. "म्हनून तर डबा दिला. जड हाय तो."

त्यांनी कधी 'द्या' म्हटलेलं ऐकलं नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. एकदा सायकलचं पंक्चर काढून घेताना आम्ही शेजारच्या हॉटेलात चहा घेत होतो. तेव्हा विचारलं. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि मग बोलले.

"माझा बाप गावात दारोदार भाकर मागायचा, भाऊ. गावकीचं काम करायचा, मेलेलं ढोर वढायचा. कामाचीच भाकर ती. पन 'वाढा वो माय' म्हनावं लागायचं, अन् मग वरून टाकायचे. छप्पन सालानंतर बापानं ती दुरडी चुलीत घातली. मला म्हन्ला, आता ह्या घरातलं कोनी भाकर मागनार न्हाई."

"मग हे?" मी कॅरिअरवरच्या दुरडीकडे बोट दाखवलं. बोट दाखवल्यावर मला वाटलं, आपण हे विचारायला नको होतं.

मामांना काही वाटलेलं दिसलं नाही. "हे मी मागतो का? इचारा कोन्त्याबी बाईला."

नंतर मी खरंच दोघीतिघींना विचारलं. मामा भाकरी मागतात असं एकही म्हणाली नाही. एक तर म्हणाली, "मागतात कुठले, भांडतात."

पुढे संस्थेला दोन वर्षं झाली आणि वकीलसाहेबांच्या मनात आलं की दात्यांचा सत्कार केला पाहिजे. शाळेच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. सगळ्या बायकांना बोलवायचं, हळदीकुंकू करायचं, खणानारळाने ओटी भरायची. मामांची त्या दिवशी ड्युटी होती. बसायची व्यवस्था माझ्याकडे होती. पहिल्या रांगेत मधोमध मी काकूंना बसवलं.

काकू स्टेशनच्या बाजूला एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बराच काळ झाला होता, मूलबाळ नव्हतं. सगळ्यात जास्त भाकरी त्यांच्या घरून यायच्या, आणि त्यांच्याकडे बघून त्या गल्लीतल्या बाकीच्या बायका द्यायच्या. पहिली जागा त्यांचीच, असं मला मनापासून वाटलं होतं.

कुंकवाचा करंडा घेऊन एक बाई रांगेतून आली. काकूंसमोर आल्यावर तिचं कुंकवात बुडवलेलं बोट थांबलं. तिने काकूंच्या कपाळाकडे पाहिलं आणि पुढच्या बाईकडे वळली. मागून येणारी खणानारळाची परातही तशीच पुढे गेली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. विधवेची ओटी भरत नाहीत, एवढंच साधं, आणि आम्हा कुणाच्याही डोक्यात ते आधी आलं नव्हतं. काकूंनी पदर सारखा केला आणि वकीलसाहेबांचं भाषण संपेपर्यंत तशाच ताठ बसून राहिल्या. मी काय केलं? मी मायक्रोफोनची वायर नीट करत बसलो. वायर नीटच होती.

दुसऱ्या दिवशी काकूंचं दार बंद होतं. त्या गल्लीतली आणखी काही घरं म्हणाली, "आज जमलं नाही हो." त्याच्या दुसऱ्या दिवशीही जमलं नाही. व्हरांड्यात मामा एका भाकरीचे दोन तुकडे करून वाटायला लागले. काही माणसं नुसतं पाणी पिऊन भिंतीला टेकून बसायची.

वकीलसाहेब हळहळले. "मी स्वतः जातो, क्षमा मागतो. एक चांगलं लुगडं घेऊ."

मामा म्हणाले, "साहेब, तुमी नका जाऊ."

"का?"

"तुमी गेलाव की त्यांना पुन्हा पुढं बसावं लागंल, पुन्हा ऐकून घ्यावं लागंल."

मी मामांबरोबर गेलो. त्यांनी नेहमीसारखी सायकल लावली आणि बंद दाराला सांगितलं, "निरोप हाय. पालमचे एक आजोबा आल्यात, लेकीचं आपरेशन हाय. दात न्हाईत त्यांना. दुसऱ्याची भाकर चावत न्हाई, तुमचीच चालती." मामा सायकलवर बसले. मी म्हटलं, आणखी एकदा आवाज देऊ का? "ऐकलं त्यांनी," मामा म्हणाले.

पुढच्या सकाळी त्यांनी आजोबांनाच आणलं. मामांनी तोच निरोप पुन्हा सांगितला. आजोबांना बहुतेक कुणी काही समजावलं नव्हतं. ते मोठ्याने म्हणाले, "न्हाई वो माय, मला कोनाचीबी चालती. मी आपला भिजवून खातो."

"आजोबा, गप बसा की जरा," मामा दातओठ खात म्हणाले.

तेवढ्यात दाराआडून आवाज आला. "कशात भिजवून?"

"पान्यात. दुसरं काय हाय इथं?"

मग कडी निघाली. काकू दारात उभ्या राहिल्या. आजोबांच्या तोंडाकडे त्यांनी नीट पाहिलं. "पाण्यात काय भिजवता? वरण करायला सगळी मेलीत का?" मग मामांकडे वळल्या. "आणि तुम्ही हो! रोज येऊन जाड झाली, पातळ झाली, मीठ कमी. माझ्या भाकरीला एवढ्या दिवसांत चांगलं म्हणालात का कधी?"

"चांगली असती तवा लोक निरोप देत न्हाईत, काकू. गप खात्यात."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी आजोबांना ओट्यावर बसायची खूण केली. आत जाता जाता त्यांची नजर माझ्यावर गेली.

"तुम्ही त्या दिवशी वायरीशी काय खेळत होता?"

काकूंनी उत्तराची वाट पाहिली नाही. आतून चूल पेटल्याचा धूर आला, मग थापण्याचा आवाज. आजोबा ओट्यावर मांडी घालून बसले होते. शेजारच्या दारातून एका बाईने डोकावून पाहिलं आणि ती घाईघाईने आत गेली. थोड्या वेळाने तिच्याही घरातून थापण्याचा आवाज येऊ लागला.

त्यानंतर सत्कार हा शब्द वकीलसाहेबांनी काढला नाही. मामांची युक्ती काय ते मी त्यांना सांगू शकलो नाही. मला जे दिसत होतं ते सांगायला फार साधं वाटायचं, आणि करायला गेलो की जमायचं नाही. मामा आजारी असले की मी फेरीला जायचो. "निरोप आहे," मीही म्हणायचो. पण समोरच्या बाईने "काय?" असं विचारलं की माझ्या तोंडून आभारच निघायचे. ती बिचारी संकोचून भाकरी द्यायची आणि म्हणायची, "मामांना बरं वाटू द्या लवकर."

एका हिवाळ्यात मामा तापाने पडले आणि उठलेच नाहीत. पहाटे गेले. सकाळीच सगळं उरकून आम्ही त्यांच्या वस्तीत परतलो. दारात मामी बसल्या होत्या, भोवती शेजारच्या बायका. घरात चूल पेटलेली नव्हती.

दुपार व्हायच्या आत वस्तीच्या तोंडाशी काकू दिसल्या. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. कुणाला तरी घर विचारत होत्या. मागे त्यांच्या गल्लीतल्या बायका, त्यांच्या मागे दुसऱ्या गल्लीतल्या. यातल्या किती जणी या वस्तीत आधी आल्या होत्या, ते मला माहीत आहे. एकही नाही. मयताच्या घरी लोक भाकरी घेऊन जातात, तशा त्या आल्या होत्या. कुणी कुणाला सांगून आलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनीच भरपूर आणल्या होत्या. अंगणातल्या घोंगडीवर गाठोड्यांचा ढीग झाला. काकू मामींच्या शेजारी टेकल्या. दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या.

मग मामींनी त्या ढिगाकडे पाहिलं. "एवढं इथं कोन खानार?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तिकडं दवाखान्यात मानसं बसली असतील. आज कोनी गेलंय का?"

कुणी गेलं नव्हतं. मीही नाही. सकाळपासून मला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

मामींनी घरापुरत्या भाकरी काढून ठेवल्या आणि बाकीच्या दुरडीत रचल्या. मी मामांची सायकल काढली. मी दोरी बांधत होतो तोवर काकूंनी दुरडी धरून ठेवली.

व्हरांड्यात माणसं बसलेली होती. सकाळपासून वाट बघून काही जण आडवे झाले होते. गंगाखेडकडची एक बाई पुढे आली. तिने आधी माझ्याकडे, मग सायकलकडे पाहिलं.

"मामा न्हाई आले?"

"त्यांच्या घरून आल्यात भाकरी," मी म्हणालो.

तिने मान हलवली. एक भाकरी मोडून आधी म्हाताऱ्या सासूच्या हातावर अर्धी ठेवली आणि मग विचारलं, "उद्या येतील न्हवं?"

"उद्या भाकरी येतील," मी म्हणालो.