चालीत न बसलेलं नाव

ऑनर गॉहनचा एकुलता एक मुलगा फेस्टस चुकलेली गाय शोधायला दलदलीकडे गेला आणि इंग्रज शिपायांनी त्याच्या पाठीत गोळी घातली. हातात त्याच्या साधी काठी होती.

महिन्याभरात शाळेच्या मास्तरांनी त्याच्यावर गाणं रचलं. गाण्यात काठीची बंदूक झाली, आणि फेस्टस हे नाव काही केल्या चालीत बसेना म्हणून त्याचा शॉन झाला. गाणं जत्रेत, गुत्त्यात, लग्नात, सगळीकडे गाजलं. इंग्रज गेले, शॉन राहिला. थडग्याच्या दगडावरसुद्धा लोकांनी शॉनच कोरला. ऑनर भांडली, तर म्हणाले, "देशासाठी गेला तो! नावाचं काय घेऊन बसलीस?"

दर नोव्हेंबरात चर्चमध्ये मेलेल्यांसाठी मिस्सा, म्हणजे खास प्रार्थना होते, तेव्हा पाद्री गावातल्या मृतांची नावं वाचतात; ज्याच्या नावानं प्रार्थना होते त्याला स्वर्गाचं दार लवकर उघडतं, असं सगळे मानतात. यंदाचे पाद्री हे गाणं ऐकतच वाढलेले. त्यांनी 'शॉन गॉहन' वाचलं आणि त्याच्या आत्म्यासाठी सगळं चर्च गुडघ्यांवर आलं. ऑनर तेवढी उभी राहिली.

बाहेर तिनं मास्तरांना गाठलं. "तुमच्या त्या शॉनचं पोट भरलं असेल की हो प्रार्थनांनी! माझं पोरगं तिकडं तसंच ताटकळतंय."

मास्तरांनी टोपी काढली. "असं काय बोलता, ऑनरबाई? देवाला ठाऊक आहे तो कोण ते."

"ठाऊक होतं," शाल आवळत ती म्हणाली. "पण आता गाणं त्याच्याही कानावर गेलं असेल."